उजवा अंगठा

सकाळी सहाला दगडी दरवाजाकडून
एक माणूस जवळजवळ एकाच पायावर चालत आला.
दुसऱ्या पायातली चप्पल पिशवीत होती.

लोटन निकुंभ, वय एकसष्ट.
मी दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली.
माझ्या पाचवीच्या गणवेशाची कॉलर
ह्याच हातांनी दोनदा उसवून लावली होती.
ओळख दिली नाही.
सुई हातात असली की मी कुणाचीच कुणी नसते.

"पंखाना वारा बी सहन व्हत नही, ताई,"
एवढंच बोलला, आणि अंगठ्याकडे बघत राहिला,
परक्याचं पोर चुकून घरात आल्यासारखा.

चाळीस वर्षं ह्या अंगठ्यानं पायमशीन चालवलं.
मे महिन्यात अमळनेरचा पत्रा पंचेचाळीसवर तापतो
आणि हा पाणी पीत नाही,
कारण पाणी प्यालं की उठावं लागतं,
उठलं की गिऱ्हाईक समोरच्या रेडिमेडवाल्याकडे वळतं.
रविवारी काळ्या मसाल्याचं मटण,
भाचा आला तर बियर.
चैन म्हणावी तर एवढीच.

यंत्रानं सांगितलं: युरिक ॲसिड नऊ पूर्णांक चार.
कागदावर छापलेली हद्द सात पूर्णांक दोन.
आकड्याशेजारी मी चांदणी टाकली.
आमच्या धंद्यात चांदणी शुभ नसते.

सैंदाणे डॉक्टर त्याला समजावत होते,
मी दारात, नळ्या मोजण्याच्या निमित्तानं.
रक्तात मावेनासं झालं की ते सांध्यात जाऊन बसतं,
म्हणाले, बारीक टोकदार खडे,
दुर्बिणीखाली थेट सुयांसारखे.
लोटन पहिल्यांदा हसला.
"सुया? मंग मन्याच व्हतीन."

मग डॉक्टरांनी स्टेथोस्कोप अंगठ्यापासून
पाच फूट वर, छातीवर ठेवला.
ज्यांचा हा आकडा चढलेला असतो
त्यांच्यात हृदयाची दुखणी जास्त सापडतात.
आकडाच चोर आहे
की चोराबरोबर दिसणारा नुसता ओळखीचा माणूस,
ह्यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही.
पण तो गल्लीत दिसला, निकुंभ,
तर आपण कडी लावलीय का ते बघतो ना?
रक्तदाब बघू. साखर बघू. ई.सी.जी. काढू.

लोटननं खिशातून मापांची वही काढली,
सगळ्या गावाच्या छात्या तिच्यात इंचांत लिहिलेल्या.
शेवटच्या पानावर स्वतःचं नाव घातलं,
खाली नऊ चार.
छातीपुढची जागा कोरी ठेवली.

गोळ्यांनी पाचव्या दिवशी सूज उतरली
आणि माणूस दिसेनासा झाला.
दुखणं असतं तोवर दुखण्याचं ऐकतात.
रक्त गप्प असतं,
त्याच्या गप्प बसण्याला सगळे बरं होणं म्हणतात.
तपासायच्या यादीत त्याचं नाव
मी तीन सोमवार पुढे ढकलत नेलं.

जूनमध्ये पोराचं कापड घेऊन दुकानात गेले.
"श्वास सोड," तो माझ्या पोराला म्हणाला,
"छाती फुगवशी तं माप खोटं ई."
टेप गळ्यात, खडू कानावर.
मशीनखाली नजर गेली:
पाय बदलला होता.
उजवा बाजूला, फडक्यावर ठेवलेला,
डावा एकटाच पायटा मारत होता,
टाके थोडे अडखळत.

"ई.सी.जी. राहिलाय."
"आंगठा बरा शे आते."
"मी अंगठ्याचं विचारलं नाही."
त्यानं दोरा दातानं तोडला.
तांब्या होता कोपऱ्यात, झाकण लावलेला,
झाकणावर बटणं ठेवलेली.
"शाळा सुरू व्हवू दे. पन्नास जोड पडेल शेत."

सगळे पैसे आगाऊ दिले.
पावतीवर त्यानं गुरुवार लिहिलं.
मी म्हटलं, न्यायला मी येणार नाही,
लॅबवर आणून द्या.
सकाळी सातला.
उपाशीपोटी.

खडू कानावरून काढून
तो बराच वेळ हातात धरून बसला.
मग झाकणावरची बटणं
एकेक करून उचलू लागला.