टूच्या पुढची जागा

शिवडीची रात्रशाळा, दुसरा मजला.
दिवसा इथे चौथी ब बसते,
म्हणून बाकं लहान आणि गुडघे मोठे.
प्रभुदास तांडेल तर आडवाच बसतो, एक पाय वाटेत सोडून.
तो पाय ओलांडून मी फळ्यापाशी जाते.

आज पूर्ण वर्तमानकाळ.
आय हॅव डिसायडेड टू गो.
खडू दमट, शब्द उमटता उमटता पुसट.
हॅव, मग उरकलेलं क्रियापद,
मग टू, आणि टूच्या पुढे नुसतं मूळ क्रियापद.
त्याला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही.

'म्हणजे फकीर का, बाई?'
मेहरून दळवी. शिलाईची बोटं, नखाला निळा दोरा.
वर्ग हसला, मीही हसले,
आणि तेव्हापासून त्याचं नावच पडलं.
वह्या तपासताना विचारते, फकीर कुठाय?
कुणीतरी ओशाळून पेन्सिल शोधतं.

मराठीत आपण उलटे चालतो.
जायचं ठरवलंय.
जाणं पुढे होतं,
ठरवणं मागून येऊन दार लावून घेतं.
इंग्रजीत ठरवणं केव्हाच झालेलं असतं,
आणि जाणं शेवटी,
चपला घालून पूर्णविरामाच्या उंबऱ्यावर उभं.
हे मी वर्गात सांगितलं नाही.
परीक्षेत येत नाही.

तांडेलनं लिहिलं: आय हॅव लर्न्ड टू स्विम.
कधी शिकलास?
'आठवत नाय. पाणी आदीच होतं.'
मग हे वाक्य खोटं झालं.
'पण बसतंय ना बाई?'
बसत होतं.

मेहरूनचं: आय हॅव प्रॉमिस्ड टू रिटर्न द कुकर.
जावेचा कुकर. तीन वर्षं झाली.
फकिराला वचन नाही, पण हिनं दिलेलं आहे,
आणि व्याकरणाच्या हिशेबानं ते पूर्ण आहे.
कुकर हिच्याच ओट्यावर शिट्ट्या मारतो.

मी कुणाला हसू?
नागोठण्याला माझे आप्पा आहेत.
फोनवर दर खेपेस मी म्हणते, यायचं ठरवलंय.
ते म्हणतात, बरं.
ते 'बरं' कुठल्या काळात आहे
ते मला अजून लावता आलेलं नाही.
खिडकीतून खाडीपलीकडची माहुलची ज्योत दिसते,
रात्रंदिवस काहीतरी जाळत असते, संपवत काहीच नाही.

शेवटची वही हौसाबाई खरटमल यांची.
पहाटे महापालिकेची हजेरी, मग झाडू, मग दोन घरची भांडी,
निवृत्तीला सात महिने.
ठसठशीत अक्षर, ओळीच्या वर न खाली:
आय हॅव फर्गॉटन टू.
आणि टूच्या पुढे टिंब. चांगलं जाड,
पेन दोनदा फिरवून केलेलं.

पुढे?
'पुढं काय न्हाई.'
क्रियापद लागतं, हौसाबाई. काय करायचं विसरलात?
'तेच तर इसरले की.
कायतरी करायचं व्हतं, येवढं ध्यानात हाय.
लई मोठं न्हवतं. माझ्यापुरतंच व्हतं.'

मागच्या बाकावरचं खुसखुसणं
आपोआप थांबलं.
तांडेलनं वाटेतला पाय आत घेतला.

लाल पेन हातात होतं.
चूक म्हणावं तर वाक्य पुरं झालेलं,
बरोबर म्हणावं तर फकीर बेपत्ता.
मी अर्धा गुण दिला.

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली,
लांब धरली, पुन्हा जवळ आणली.
'अर्धा, म्हंजी कुठला?
झालेला का ऱ्हायलेला?'

खाली शिपाई फाटकाची साखळी वाजवत होता,
म्हणजे दहा वाजले होते,
आणि फळा अजून पुसायचा होता.