टोप

पोरसुक नदीच्या काठी, एस्किशेहिरला, माझं दुकान:
नवरीसाठी गंगावनं, नाटकवाल्यांच्या मिश्या,
औषधांनी केस गेलेल्यांना टोप.
अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात नवंच गिऱ्हाईक येऊ लागलं,
डोकं रुमालात घट्ट बांधलेल्या मुली.
विद्यापीठाच्या फाटकावर रुमाल चालत नव्हता.
रुमालावर टोप चालत होता.

नेसिबे, फार्मसीचं तिसरं वर्ष.
म्हणाली, सगळ्यात कुरूप असेल तो दाखवा.
मी तपकिरी काढला, कपाळावर झुलपं असलेला.
आरशात बघून म्हणाली, "हा छान दिसतो. छान नको."
शेवटी तोच घेतला, दुसरा परवडेना.

राग यायचा मला त्या मुलींचा, लपवत नाही.
माझ्या आत्यानं आपला बुरखा चुलीत घातला
आणि गल्लीत रव्याचा हलवा वाटला,
कुणी गेल्यावर वाटतात तसा.
मी उजळ माथ्यानं हिंडले ती तिच्या जिवावर.
आणि ही पोर पैसे मोजून
केसांवर कापड, कापडावर केस!
सुटे परत देताना तसं बोललेही.

ती म्हणाली, "ताई, केस कुणाचे आहेत हे?"

पोत्यावरची चिठ्ठी वाचून सांगितलं:
हिंदुस्थान. देवळातले.
कुणा बाईनं नवस फेडायला उतरवलेले.
नेसिबे बराच वेळ एक बट बोटाला गुंडाळत बसली.
"म्हणजे तिनंही देवासाठीच," एवढंच म्हणाली.
बाहेर बर्फ होता, बूट फाटका होता तिचा.

परवा आली. पंचवीस वर्षांनी.
फाटकं कधीच उघडली. डोक्याला रुमाल,
बाजारात स्वतःचं औषधांचं दुकान,
हातात वर्तमानपत्रात बांधलेला तोच टोप.
"ठेवून घ्या. कुणा आजारी बाईला होईल."
मग अर्धा चहा झाल्यावर मुलीचं निघालं.
झुम्रा, सतरा वर्षांची,
रुमाल दारामागच्या खुंटीला अडकवून शाळेला जाते.
"रोज सकाळी मी दारात उभी असते, ताई.
त्या रखवालदारासारखी. हात असा चौकटीवर."
तिनं हात करून दाखवला.
"तो म्हणायचा, काढ."
पुढचं बोलली नाही.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.
मी तिच्या मुलीच्या बाजूची,
पण तेव्हा फाटकाच्याही बाजूची होते,
आणि विरघळलेली साखर उगाच ढवळत राहिले.

रात्री टोप कोमट पाण्यात धुतला.
डांबरगोळ्यांचा वास तीन पाण्यांतही जाईना.
लाकडी डोक्यावर वाळत घातला, झुलपं खिडकीकडे.
त्या देवळातल्या बाईला आता पांढरे आले असतील.
तिला कुणी विचारलं होतं का,
की तिच्याही दारात
कुणी हात टेकून उभं होतं?

चिठ्ठीवर नाव नव्हतं. वजन होतं फक्त.