रकाना सात

सोहारच्या बंदरावर, कंटेनरच्या ऑफिसात
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी अडलोय रकाना सातपाशी:
इसम कसा पडला, एका वाक्यात, इंग्रजीत.

मी लिहिलं, सडनली.
वर्गीससाहेबांनी खोडलं.
"सडनली म्हटलं की विचारतात, क्लॅम्प कुणी तपासला?
क्विकली लिही. घाईत उतरत होता."
म्हणजे चूक परकारची.
एका शब्दात सहा आठवड्यांचे रियाल.

अबरप्टली मला नीट कळत नाही.
डिक्शनरी म्हणते, तुटल्यासारखं.
मचाणाला लागू पडेल,
पण मचाणासाठी रकाना नाही.

अँब्युलन्सपुढे तर छापूनच ठेवलंय, इमिजिएटली.
चाळीस मिनिटं आम्ही त्याच्यावर
पुठ्ठ्याची सावली धरून उभे होतो.

आमच्याकडे पटकन, चटकन, झटकन,
अवचित, एकाएकी,
आणि बघता बघता,
ज्यात बघणारा कुणीतरी असतोच.
हा एक द्यायला हवा होता मला, इंग्रजीत.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो.
पाय प्लास्टरमध्ये. खजुराची बी
तोंडात घोळवत परकार म्हणाला,
"खरं सांगू? मी सावकाश पडलो.
तुझं पिवळं हेल्मेट दिसलं,
क्रेनवरचा कावळा दिसला,
हर्णैच्या घराचे हप्ते आठवले,
किती उरलेत तेही मोजून झालं,
मग जमीन."

सकाळी पुन्हा तोच फॉर्म.
स्लोली, असं लिहिलं
आणि साहेब यायच्या आत
शाईवर फुंकर घालत बसलो.