हुंकार

केमीत दुपारी दोनलाच अंधारून येतं.
बुटांच्या दुकानामागच्या खोलीत इर्मेलीनं
एक फोन ठेवला, आणि शिकवलं एवढंच :
सल्ला द्यायचा नाही. हुंकार द्यायचा.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही चौघं.
पेपरमिलमधून सुटलेला ताइस्तो आला,
रात्रपाळीची सवय मोडेना म्हणून.
कुणी नवऱ्याबद्दल बोले, कुणी मेलेल्या कुत्र्याबद्दल.
एक बाई नुसतीच विणायची;
सुया ऐकू यायच्या.
हं, म्हणायचो आम्ही. हं.

तिसऱ्या वर्षी एकतीस जण झालो.
मग वेळापत्रक, अध्यक्ष, किल्ली कुणाकडे,
कॉफीचे पैसे कुणी बुडवले,
आणि हुंकार नेमका केवढा असावा
यावर एक बैठक,
जिच्यात कुणी कुणाचं ऐकलं नाही.

इर्मेली कोट चढवून निघून गेली.
हातमोजे राहिले खुर्चीवर.

पाळ्या गळत गेल्या. मार्चमध्ये मी एकटाच,
तीन रात्री फोन मुका.
चौथ्या रात्री वाजला.
पलीकडे कुणी बोलेना,
फक्त सुया.

विणत राहा, मी आहे इथे, असं
सांगायला लागलो,
मग आठवलं.

हं.