पर्यंत

गल्फ रोडवर, समुद्राकडे पाठ करून
तीन मजले उंच एक मुलगा धावतो.
खाली आकडा: सेकंदाला पाचशे मेगाबिटपर्यंत.
पाचशे माझ्या उंचीएवढं,
'पर्यंत' माझ्या नखाएवढं,
आणि त्याच्या डोक्यावर एक चांदणी,
जिचा खुलासा कुठे छापलाय
ते मी अकरा महिने शोधतोय.
अरबीत 'हत्ता', वाएलनं सांगितलं.
हत्ता म्हणजे तिथवर. इथून कुठून, ते नाही.

मी गाडी चालवतो. काम एवढंच.
डॅशबोर्डवर सहा फोन, रबरी पट्ट्यांनी बांधलेले,
मागे वाएल, मांडीवर लॅपटॉप,
इजिप्तचा, लग्न ठरलेला, पित्ताचा माणूस.
तो म्हणतो चाळीस, मी चाळीस ठेवतो.
पहाटे तीन ते पाच.
रस्त्यावर आम्ही आणि मांजरं.
सहाच्या सहा फोन भरून वाहतात:
चारशे दहा, चारशे साठ, एकदा तर चारशे नव्वद.
आकडे खरे आहेत, शपथेवर सांगेन.
पहाटे तीनला गेलं तर
मे महिन्यातही विहिरीला पाणी असतंच की.

महबूलातल्या आमच्या इमारतीत
खोलीत आठ, मजल्यावर नव्वद,
आणि गुरुवारी रात्री नऊला
प्रत्येकाचं कुणीतरी तिकडे जागं.
नेपाळचा खेम पाण्याच्या टाकीवर चढतो.
अप्पाराव जिन्यातली पाचवी पायरी सोडत नाही,
तिथे दोन कांड्या येतात, पायरी त्याची आहे.
मी संडासाच्या खिडकीत.
मंडणगडला साडेअकरा. इफ्फत झोप मारून बसलेली.
"अब्बा, बघा," म्हणते, तोंड उघडते
आणि तशीच राहते.
चौकोन चौकोन झालेला चेहरा, त्यात एक काळा चौकोन:
दात पडलाय की फोननं खाल्लाय?
शमशादचा आवाज मागाहून येतो,
"...कौलांवर टाकला, अजिबात रडली नाही,"
तोवर मी गॅसच्या पैशांवर पोचलेलो.

वाएलला म्हटलं, एकदा आमच्या गल्लीत मोजू. गुरुवारी, नऊला.
म्हणाला, रूटमध्ये नाही.
रूट कोण ठरवतं?
त्यानं गोळी चघळली, खिडकीबाहेर बघितलं.

मग एका गुरुवारी दिवसाची फेरी लांबली,
त्याचं पित्त उसळलं, दवाखान्यात उतरवला.
गाडी माझ्याकडे, फोन चालूच.
मी वळलो.
चाळीसच ठेवली. सवय.
फहाहीलचा रस्ता सोडला तेव्हा दोनशे,
बकाल्यापाशी सत्तर, लाँड्रीपाशी नऊ,
इमारतीखाली शून्य पूर्णांक सहा.
सहाही पडद्यांवर तेच गोल गोल फिरणं.
पाचशेपर्यंतमध्ये हेही बसतं,
कुणी खोटं बोललेलं नाही.

वर पाहिलं. जिन्याच्या जाळीत, खिडक्यांत, टाकीवर
निळे उजेड, हात लांब धरलेले.
आणि तेव्हा डोक्यात आलं:
माझे हे सहा फोन मोजण्यासाठी ओढतायत,
कुणाचंच नसलेलं काहीतरी उतरवून घेतायत
ह्याच टॉवरवरून, ह्यांच्याच तोंडचं.
एकेक बंद करत गेलो.
सहावा बंद झाल्यावर
वरून कुणीतरी तेलुगूत मोठ्यानं हसलं.
त्यामुळेच असेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी वाएलनं विचारलं, ही अकरा मिनिटं कसली?
मी म्हटलं, चुकून.
त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं,
मग ती ओळ काढून टाकली. सरासरी पुन्हा सरळ झाली.
पेट्रोलच्या पावतीमागे मी लिहून ठेवलंय, ०.६,
तारीख, वेळ. कुणाला दाखवायचं ते माहीत नाही.

परवा फ्लेक्स बदलला. मुलगा तोच,
आता हजारपर्यंत.
इफ्फतचा नवा दात अर्ध्यापर्यंत आलाय म्हणे.
शमशाद म्हणाली, साध्या फोनवर.