टाकीत हात घातल्यावर

कॅलेंडरवर, तारखेच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं फुली मारतो मी:
नवा सिलिंडर लागला.
वैशाखातली फुली ते पुढची, बावन्न दिवस.
पौषात एकतीस.

एकतीस? मी सुनेकडं बघितलं.
"बादल्या तेवढ्याच की हो, मामा,"
रेवती म्हणाली, आणि गुरुशिद्धाची पावती
(छापील कन्नड, खाली माझी मराठी सही)
पिठाच्या डब्याखाली सरकवली.

आठवडाभर न्हाणीच्या दाराशी पेपर धरून
बादल्या मोजत बसलो.
सांगायला लाज वाटते.
तेवढ्याच होत्या.

मग एका पहाटे, वडगावभर धुकं,
माग अजून गप्प,
गच्चीवर गेलो, टाकीचं झाकण सरकवून
कोपरापर्यंत हात घातला.

हाड ठणकलं.
वैशाखात हेच पाणी
न तापवता पोळायचं.

म्हणजे ज्योत तीच, बादली तीच,
चढण तेवढी वाढलेली.
पाणी निघत होतं कितीतरी खालच्या पायरीवरनं
आणि मी हिशेब मागत होतो
वर पोचल्यावर.

खाली आलो. हात पुसला नाही.
"रेवती, आजपासून मला कोमटच चालेल."

"कोमटालाबी गॅस लागतोच की, मामा,"
म्हणाली ती, आणि
बादली भरून ठेवली.
वाफ येत होती.