दम धरा

शनिवारी चारला ड्यूटी सुटते.
खय्यूमभाई स्टुडिओचं शटर अर्ध्यावर ओढतो,
दैवशाला मॅडम शाळेतून थेट येतात, बोटांना खडू तसाच,
दोन गाड्या, एक ट्रायपॉड, त्याचा तिसरा पाय
सुतळीनं बांधलेला,
आणि अंबाजोगाई मागं टाकून आम्ही
ऊन गाठायला निघतो.

ऊन काही थांबत नाही.
करडईवरून, निसवलेल्या शाळूवरून
बांधाबांधानं पुढं सरकतं,
आम्ही पोचतो तेव्हा नुकतंच उठून गेलेलं असतं
पाहुण्यासारखं. जागा अजून ऊबदार.

खय्यूमभाईनं तीस वर्षं पासपोर्ट फोटो काढले.
बालाघाटालासुद्धा सांगतो,
"मान थोडी खाली. हां. हलू नका."
डोंगर ऐकतो.
मॅडम भूगोल शिकवतात, त्यांना सावल्या लागतात,
लांब, नांगरटीत मोडलेल्या,
ढेकळागणिक एक.
मला काय लागतं ते नीट सांगता येत नाही.
अठरा वर्षं मी एक्स-रेच्या खोलीत आहे.
तिला खिडकी नाही.

माघातली गोष्ट. तलावाच्या सांडव्यावर ट्रायपॉड लावला.
पाणी उतरलेलं, बुडालेल्या बाभळी
कंबरेपर्यंत वर आलेल्या,
एका फांदीवर बगळा.
सूर्य टेकला. मी श्वास रोखला.

"काय काढायलाव, साहेब?"

बगळा उडाला.
मागं तलावाचा पहारेकरी, कानाला मफलर,
हातात दिवसा पेटलेली बॅटरी.
उजेड काढतोय, म्हणालो.
"असं," म्हणाला, आणि माझ्याकडंच बघत राहिला.
"तुमी ते एक्स-रेवाले ना?
माजाबी काढला होता. दोन सालं झाली.
छाती पाटीला लावून म्हनले, श्वास घ्या, दम धरा.
काढला फोटो, तेवढ्यात कुनी हाक मारली, तुमी गेलाव.
सोडा म्हनायचं राहिलंच की."

आम्ही हसलो. तोही हसला, ठसका लागेस्तोवर.
मग चहाला चला म्हणाला.

पत्र्याची खोली, पश्चिमेला एक खिडकी,
फुटक्या काचेच्या जागी चिकटपट्टीनं लावलेली
त्याची फिल्म.
"फेकायची कशी? माजंच हाय ना ते."

सवयीनं मी आधी डाग शोधला.
उजवीकडं, वर, गळपट्टीच्या हाडाखाली.
"सहा महिने गोळ्या खाल्ल्या," तो म्हणाला,
"आता काई नाही," आणि स्टोव्हला पंप मारू लागला.

बाहेर सूर्य खाली येत होता.
फुप्फुसांच्या काळ्यात अडला,
बरगड्यांतून तेवढा आत आला, तांबूस,
एकेक हाड पेटवत,
आणि तो डाग
सगळ्यात जास्त उजळला.

चहा उतू गेला. कुणी बघितलं नाही.

खय्यूमभाई हळूच म्हणाला, लाव.
मी ट्रायपॉड आत घेतला, पाय पसरायला जागा नव्हती,
एक पाय पाण्याच्या घागरीवर टेकवला.
"मी हुभारू का तिथं?" पहारेकरी म्हणाला.
खय्यूमभाई म्हणाला, "तुम्ही आहातच की फोटोत."

उजेड कमी, शटर उशिरा मिटणार.
बटण दाबलं आणि मोजत राहिलो,
एक, दोन,
मिटल्याचा आवाज आला तेव्हा मागं वळून पाहिलं,
तर तो भिंतीला पाठ लावून ताठ,
डोळे मिटून, गाल फुगवून.

म्हणालो, सोडा.

परतताना अंधारात पडद्यावर पाहिलं. फोटो हललेला.
सुतळी सैल होती, किंवा घागर.
खय्यूमभाई म्हणाला, पुढच्या शनिवारी परत येऊ.
मॅडमनी गाडीवर मागं बसल्या बसल्या
हवेत बोटानं काहीतरी मोजलं,
म्हणाल्या, येऊ, पण सूर्य तोवर
एक बरगडी उत्तरेला सरकलेला असेल.